बाईंच्या मापाची खुर्ची

मिरज रस्त्याला आमचं सर्जिकलचं छोटं दुकान आहे. चार महिन्यांपूर्वी विश्रामबागेतल्या एका गृहस्थांनी आईसाठी व्हीलचेअर नेली. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, गुडघे आधीपासूनच गेलेले. मी एवढंच विचारलं, "साधी की कमोडवाली?" ते म्हणाले, "साधी." बिल फाडलं, खुर्ची डिकीत गेली. साधी म्हणजे 18 इंच बैठकीची, शंभर किलोपर्यंत चालणारी. बसणारं माणूस केवढं आहे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. "ती बदलून मोठी पाठवा हो. एक्स्ट्रा लार्ज." जणू शर्टच मागवत होते. म्हटलं, आधी घरी येऊन बघतो.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातला. खुर्चीत बसल्या होत्या म्हणण्यापेक्षा अडकल्या होत्या. हाताखालचे दोन्ही पत्रे बाहेर फाकलेले, बैठकीचं कापड झोळीसारखं खाली गेलेलं. "तूच दिलीस होय ही?" असं त्यांनी विचारल्यावर मला हो म्हणायलाही जड गेलं.

सूनबाईंना बाजूला घेऊन विचारलं, मांडीच्या कडेला, खुब्याच्या हाडापाशी काही वण उठलाय का? म्हणाल्या, दोन्हीकडं लाल झालंय. बोटानं दाबून बघायला सांगितलं. आत जाऊन आल्या. "दाबलं तरी पांढरं पडत नाही, लाल तसंच राहतंय." ही जखमेची सुरुवात. नव्या खुर्चीचं मग बघू, आज डॉक्टरांना दाखवा आणि यांना या खुर्चीत बसवू नका, एवढं सांगून त्या दिवशी मी निघालो.

चार दिवसांनी टेप घेऊन परत गेलो. शिंप्यासारखी टेप अंगाला गुंडाळली तर माप चुकतं. आपल्याला घेर नको, सरळ रुंदी हवी. बाईंना कडक लाकडी खुर्चीवर बसवलं. त्यांच्याच कपाटातल्या पुठ्ठ्याच्या दोन जाड फाइली कमरेच्या दोन्ही बाजूंना उभ्या टेकवल्या आणि मधलं अंतर मोजलं. साडेवीस. तिथं थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. मांड्या पुढं गुडघ्यांकडं पसरत होत्या, तिथं एकवीस भरले. रुंद जागा जिथं असेल ते माप धरायचं आणि वर इंचभर मोकळं सोडायचं. म्हणजे बावीस.

मुलगा म्हणाला, "चोवीसचीच घेऊ की, ऐसपैस!" बाईंना खुर्ची स्वतः चालवायची होती. बैठक वाढली की चाकं लांब जातात, मग हात कोंबडीच्या पंखासारखे पसरून ढकलावं लागतं, खांदे भरून येतात. शिवाय मोकळ्या जागेत माणूस एका अंगाला कलंडून बसतं. ते मुलाला पटलं नाही, बाईंना लगेच पटलं.

वजनावर मात्र सगळे गप्प. घरच्या काट्यावर उभं राहता येत नव्हतं आणि अंदाजावर खुर्ची मागवायची माझी तयारी नव्हती. बाईंनीच तोडगा काढला. भाच्याची हळदीची अडत आहे, त्याला फोन लावला. "अरे, तुझा पोती तोलायचा काटा घेऊन ये." दुपारी टेम्पोतून काटा आला, पत्र्यावर हळदीची पिवळी पूड तशीच. जुनी खुर्ची वर चढवली, जेवढ्यास तेवढं बाईंना तीत बसवलं. 159. नुसती खुर्ची 18. बाई म्हणाल्या, "एकशे एक्केचाळीस. क्विंटलच्या वर गेले की रे, भाव काय लावतोस?" भाचा हसला. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. शंभर किलोच्या खुर्चीवर त्या तीन महिने बसल्या होत्या, हे माझ्या डोक्यात फिरत होतं.

बैठकीखाली दुहेरी कैचीची, म्हणजे फुलीसारख्या दांड्यांच्या दोन जोड्या असलेली, 180 किलोची मागवायची ठरली. बैठकीची खोली मोजताना पाठीपासून गुडघ्यामागपर्यंत जेवढं भरतं त्यातून दोन इंच कमी धरतात, नाहीतर कड गुडघ्यामागं रुतते. पण बाईंचा मागचा भाग पाठीच्या मागं येत होता; पाठीचं कापड ताठ असतं तर त्या पुढं ढकलल्या जाऊन सगळा भार पुढच्या छोट्या चाकांवर आला असता. म्हणून खालचे पट्टे सैल करता येतील अशी पाठ मागितली.

खरी अडचण दाराची. चाकं आणि ती हातानं फिरवायच्या बाहेरच्या कड्या धरून एकूण रुंदी बैठकीपेक्षा सात-आठ इंच वाढते. बावीसची खुर्ची तीस इंचांवर जाते आणि बाथरूमचं दार सत्तावीस. मुलगा भिंत फोडायला निघाला होता. बाथरूमसाठी वेगळी कमोडची खुर्ची घेतली, हिची छोटी चाकं बैठकीखालीच असतात, सव्वीसमध्ये बसली. वजनाचा आकडा हिचाही बघून घेतला.

मोठी खुर्ची ट्रान्सपोर्टनं आली त्या दिवशी बाईंनी दोन ढकल्यांत स्वयंपाकघर गाठलं, उंबऱ्यावर अडल्या, मागं येऊन परत जोर लावला. मग आतून आवाज आला, "हा उंबरा कुणी एवढा ठेवलाय?" मी टेप काढली. पावणेदोन इंच.

जुनी खुर्ची परत आणली. ती मागच्या खोलीत आहे, पत्रे फाकलेले तसेच. विकायला काढलेली नाही.