खरं लिहिलेलं रजिस्टर

पूलचं पाणी तपासणं हे माझं काम. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या गृहसंकुलातून मे महिन्यात आमच्या कार्यालयात तक्रार आली. स्विमिंग पूलमध्ये क्लोरीन फार टाकतात, मुलांचे डोळे लाल होतात, वासानं खोकला येतो. समर कॅम्पच्या दिवसांत अशा तक्रारी येतातच. त्रास खरा असतो, लोकांनी लावलेलं कारण बहुतेक वेळा उलटं असतं.

पूलच्या फाटकाशीच वास आला. लोक ज्याला क्लोरीनचा वास म्हणतात, तो असतो क्लोरामाइनचा. घाम आणि लघवीतले घटक क्लोरीनशी जुळले की त्या क्लोरीनची जंतू मारायची ताकद फारशी उरत नाही, डोळे मात्र तो चुरचुरवतो. म्हणजे असा वास मारतो तेव्हा क्लोरीन कमी पडत असतो. हे कितीही समजावलं तरी सोसायट्यांना पटत नाही. सगळ्यांचा भरवसा नाकावर.

त्यात भर क्लोरीन तपासायच्या त्या पिवळ्या रंगाच्या ओटीओ किटची. स्वस्त म्हणून ते सगळीकडे असतं. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, असं समजून पूल चालू ठेवतात. पण तो पिवळा रंग मोकळा आणि बांधला गेलेला, म्हणजे क्लोरामाइन झालेला, असे दोन्ही क्लोरीन मिळून येतो. मी डीपीडी वापरते, त्याच्या गोळ्यांनी दोन्ही वेगवेगळे मोजता येतात. पहिल्या गोळीला गुलाबी रंग जेमतेम आला: मोकळा क्लोरीन ०.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.२ भाग. तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली तर आकडा १.८ वर गेला. मधला १.६ सगळा बांधलेला. पीएच ८.१, म्हणजे जो थोडा मोकळा क्लोरीन होता, त्यातलाही मोठा भाग निष्प्रभ. मोकळा क्लोरीन निदान १ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये हवा.

क्लोरीनचा परिणाम थांबवणारं थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत नमुना घेतला, बर्फाच्या डब्यात ठेवला आणि पंपरूममध्ये रोजच्या नोंदींचं रजिस्टर मागितलं.

रजिस्टर म्हणजे काय असतं, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी महिनाभराचे आकडे एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरलेले असतात. पीएच ७.४, क्लोरीन १.५, खाली तसंच, त्याखाली तसंच. इथलं रजिस्टर वेगळं होतं. कुठे निळी शाई, कुठे पेन्सिल, पानं ओली होऊन फुगलेली. ‘हायपो ३ लिटर.’ हायपो म्हणजे पूलमध्ये टाकायचं क्लोरीनचं द्रावण, सोडियम हायपोक्लोराइट. पुढच्या आठवड्यात ‘सेक्रेटरी साहेबांनी वास येतो म्हणून कमी करायला सांगितलं, १ लिटर.’ ‘आज मुलं ६४. आंघोळ न करता उतरली.’ ‘हायपो संपला, सांगितलं.’ ‘रंग आला नाही.’

लिहिणारा मुलगा शहापूरकडचा, विशीतला. "जे टाकलं तेच लिहिलंय मॅडम," एवढंच म्हणाला. मला त्या मुलाचा अभिमान वाटला. इतक्या तपासण्यांत असं रजिस्टर क्वचित हातात येतं.

पूल साधारण १ लाख ४४ हजार लिटरचा. बांधलेला क्लोरीन तोडायचा तर त्याच्या दहापट क्लोरीन एका वेळी द्यावा लागतो. म्हणजे १० टक्क्यांचा हायपो सुमारे २३ लिटर, तोही ताजा, कारण उन्हात ठेवलेल्या कॅनमधली ताकद मे महिन्यात भराभर उतरते. सेक्रेटरींना हे सांगितलं तेव्हा ते चिडले. "मॅडम, लोक क्लोरीन जास्त म्हणून ओरडतायत आणि तुम्ही अजून टाकायला सांगता?" कमिटीतल्या एका बाईंनी मात्र वही काढून सगळं उतरवून घेतलं. प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला, कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण देणारे जंतू, सापडले. पूल बंद ठेवायची नोटीस निघाली. कारणं लिहिताना मी रजिस्टरमधल्या नोंदींचाच आधार घेतला होता, कारण क्लोरीन कुणी आणि कधी कमी केला याचा तेवढाच लेखी पुरावा होता.

फेरतपासणीला गेले तर ठेकेदार बदललेला. मुलगा नव्हता. "त्यानं नको ते लिहून ठेवलं," सेक्रेटरी म्हणाले, आणि माझ्यासमोर असं बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही. पाणी उत्तम होतं. मोकळा क्लोरीन १.६, पीएच ७.४, तळाची जाळी स्वच्छ दिसत होती. नवं रजिस्टरही उत्तम. रोज ७.४, रोज १.५, एकाच पेनाने. आमच्या नोटिशीनं पूल बंद होता त्या तारखांनाही पोहणाऱ्यांची संख्या भरलेली.

नियमानं मला पाणी पाहायचं होतं, पाणी चांगलं होतं, नव्या नमुन्याचा अहवालही स्वच्छ आला. परवानगी द्यावीच लागली. पण ज्या रजिस्टरमुळे दोष सापडला ते लिहिणाऱ्याचं काम गेलं, आणि ज्यातून कधीच काही सापडणार नाही ते कपाटात मानानं बसलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर ‘रजिस्टर ठेवले आहे का’ एवढाच रकाना आहे. ‘होय’ दोन्ही वेळा लिहिलं.

अहवालाला मी दोन्ही रजिस्टरांच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. "पाणी पास आहे ना, मग हे कशाला?" आमच्या साहेबांनी विचारलं. मी त्या संकुलात न कळवता पुन्हा जायची लेखी परवानगी मागितली आहे, आणि पुढच्या वेळी टेबलावरचं रजिस्टर नाही, हायपोच्या खरेदीची बिलं आधी मागणार आहे.