न येणाऱ्यांची यादी

रविवार, रात्र

आमच्या चर्चची वार्षिक सभा तोंडावर आली आहे. या वर्षीच्या अहवालात पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांच्या, आध्यात्मिक स्थितीवर एक नवा भाग घालायला सांगितलाय आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलंय. खजिनदारांनी आज उपासनेनंतर आकड्यांचा कागद हातात दिला: हजेरी, अर्पण, बाप्तिस्मे, दृढीकरण, संडे स्कूलची मुलं. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावात या वेळी साध्या नारळावरसुद्धा चढाओढीनं बोली लागली. सगळंच गेल्या वर्षापेक्षा जास्त. त्यांना मनापासून आनंद झालाय आणि त्यात वावगं काहीच नाही. पैसे जमले म्हणूनच चर्चचं गळकं छप्पर दुरुस्त झालं.

पण आध्यात्मिक स्थिती म्हणून हेच आकडे लिहायला हात धजेना.

संध्याकाळी बायबलातल्या प्रकटीकरणाचा दुसरा आणि तिसरा अध्याय काढून बसले. आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना गेलेली सात पत्रं त्यात आहेत. सातांपैकी फक्त दोघींना प्रभू बोल लावत नाही, स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. एक गरीब, दुसरीची शक्ती थोडी. लावदिकीया मात्र म्हणते, मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही, आणि सगळ्यांत कडक शब्द तिलाच ऐकावे लागतात. सार्दीसचा तर जिवंत मंडळी म्हणून लौकिक आणि आत जीव नाही. खजिनदारांचा कागद या दोघींनीही अगदी असाच भरून दिला असता.

मग बघायचं कुठे? माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय: जे यायचे बंद झाले, त्यांच्याकडे. ते का थांबले, आणि थांबले हे कुणाच्या लक्षात तरी आलं का.

मागच्या आठवड्यात महिला मंडळाच्या मावशींबरोबर वडगाव शेरीला एका घरी गेले होते. नगर जिल्ह्यातून येऊन इथे स्थिरावलेलं कुटुंब. दादा पावसाळ्यापासून चर्चला दिसले नव्हते. त्यांचं काम सुटलंय, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. वहिनींनी चहा ठेवला. दादा बराच वेळ मान खाली घालून मोबाईलच खालीवर करत बसले. शेवटी मावशींनी सरळ विचारलं, "काय रे, येत का नाहीस?"

"वर्गणी थकलीय मावशी. चर्चच्या मतदारयादीतून नाव गेलंच, शिवाय थकबाकीत बोर्डावर लागलंय. कुठल्या तोंडानं येऊ?"

वहिनी आतूनच म्हणाल्या, "मुलांना पाठवते मी. पण त्यांनाही तिथे कुणी तरी विचारतंच, पप्पा कुठे आहेत म्हणून."

थकबाकीची यादी लावणं नियमाला धरूनच असेल. पण करिंथ शहरातल्या मंडळीवर प्रेषित पौल रागावला तो नेमका अशाच गोष्टीवरून. प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) जमायचं आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवायचं, हे त्याला सहन झालं नाही. आमच्याकडे टेबल शुभ्र, प्याले लख्ख, सगळं शिस्तीत. आणि एक माणूस वर्गणीच्या लाजेनं त्या टेबलापासून दूर राहिलाय. हे मला फार लागलंय. मंडळी आजारी आहे याची आणखी कुठली खूण हवी?

केडगाव इथून, पुण्याहून, फार लांब नाही. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या 1905 च्या संजीवनाबद्दल, म्हणजे आध्यात्मिक जागृतीबद्दल, आम्ही व्यासपीठावरून कितीदा ऐकतो! तिथल्या मुलींची प्रार्थना, त्यांचं रडणं, पापांची कबुली. पण त्या मुली तिथे आल्या कशा, हे क्वचितच सांगितलं जातं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंनी उपाशी, निराधार मुलींना आणि विधवांना आणलं, जेवू घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. संजीवन आलं ते अशा घरात. आमच्या संजीवन सभांना मंडप असतो, बाहेरगावचे वक्ते असतात, साउंड सिस्टिम असते. तेही असू दे, पण दाराबाहेर राहिलेल्यांना आधी आत आणायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी अहवालात लिहिली तर काहीजण नाराज होतील. लग्न जमवताना आमच्याकडे अजूनही विचारतात, "मूळचे कोण?", म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कुठली. याच पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून मोठमोठ्या लोकांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती. ज्या ख्रिस्ती समाजाच्या हातचा चहा या शहराला चालत नव्हता, त्यानं एका प्याल्यातून प्रभुभोजन घेऊन बाहेर पडल्यावर असा प्रश्न विचारावा? तरुण मुलं यावर उघड बोलतात. त्यांचं बोलणं ऐकलं की आशा वाटते, आणि तेही लिहिणार आहे.

चांगलं पुष्कळ आहे, फक्त ते कुठल्या वहीत सापडत नाही. उन्हाळ्यात मंडळीतल्या एक आजी ससून हॉस्पिटलमध्ये होत्या. मुलगा परगावी. महिला मंडळातल्या बायकांनी आपापसांत पाळ्या लावून दोन्ही वेळचे डबे पोचवले. एकीनं तर रात्रपाळी करून सकाळी थेट तिकडेच जायचं ठेवलं. आजींना पेज लागायची, भाताला त्या तोंड लावत नव्हत्या, हेसुद्धा त्यांना माहीत होतं. कमिटीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं.

अहवालाचा पहिला परिच्छेद याच डब्यांवर लिहायचा ठरवलाय. दुसऱ्यात वर्गणीचं. बोर्डावरची यादी काढावी आणि ज्यांची थकलीय त्यांच्या घरी आधी कुणीतरी जाऊन यावं, असा ठराव मी मांडणार आहे. नियमात तसं बसत नसेल तर नियम बदलायचा ठराव. मावशी अनुमोदन देणार आहेत. उद्या त्यांना फोन करून विचारायचंय, सध्या आणखी कुठल्या घरी जायला हवं.