नावडती ९११

आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमधे माझ्या शेजारच्या जागेवर नवीकोरी फोक्सवागन गोल्फ लागते, आणि ती माझ्या गाडीपेक्षा रुंद आहे. आरसे सोडून ती १.७९ मीटर, माझी १.७७ च्या जरा आतच. माझी म्हणजे पोर्शे ९११, १९९८ सालची, जाणकार जिला ९९६ म्हणतात ती. ३०० हॉर्सपॉवर, वजन १३२० किलो, आणि खांबांच्या मधून वळवून आत घालायला गोल्फवाल्यापेक्षा मला सोपी जाते. पंचवीस-तीस वर्षांत साध्या गाड्या इतक्या फुगल्यात की तेव्हाची स्पोर्ट्स कार आता लहान गाडीत जमा आहे, पण हे सांगून कुणाला पटत नाही, त्यांना फक्त पोर्शे दिसते.

इथे जर्मनीत, श्टुटगार्टमधे मराठी माणसं भरपूर, त्यातली निम्मी गाड्यांच्याच धंद्यात, त्यामुळे गणपतीला किंवा कुणाच्या घरी जेवायला जमलो की विषय निघतोच. "ही? रोज? ऑफिसला?" आणि मग पुढचा प्रश्न, जो माणूस पुण्याचा असो नागपूरचा असो, इंजिन डिझाइन करणारा असो की सॉफ्टवेअरवाला, चुकत नाही, "अ‍ॅव्हरेज किती देते?" लिटरला आठ-नऊ किलोमीटर, तेही ९८ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल पाजून. मग थोडा वेळ सगळे शांतपणे भजी खातात.

मुळात ही गाडी मला परवडली कशी, तर ती नावडती आहे म्हणून. १९६३ पासून ९११ चं इंजिन हवेवर थंड व्हायचं, चौतीस वर्षं त्याच्या त्या खरखरीत आवाजावर लोकांनी जीव टाकला, आणि १९९७ ला फ्रँकफर्टच्या शोमधे कंपनीने जी नवी आणली तिच्यात रेडिएटर होते. कारण साधं होतं, धूर आणि आवाजाचे नियम कडक होत चालले होते, आणि सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर नुसत्या हवेवर भागत नव्हतं. पण भक्तांना कारणं कोण सांगणार, त्यांच्या मते दुधात पाणी घातलं ते घातलं. त्यात पुढचे हेडलाइट. इंडिकेटरचा नारिंगी तुकडा त्याच काचेत खाली ओघळल्यासारखा, त्यामुळे जर्मन लोक त्यांना तळलेलं अंडं म्हणतात. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे हे तोंड पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरचंही होतं, दारांपर्यंतचा पुढचा भाग दोघींचा जवळजवळ एकच. आता नव्वदच्या सुरुवातीला कंपनी बुडायच्या बेतात होती, तेव्हाचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी जपानहून टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले सल्लागार आणून इथल्या, श्टुटगार्टमधल्या झुफेनहाउझेनच्या कारखान्याची झाडाझडती घेतली, एका खर्चात दोन गाड्या निघाल्या म्हणून तर पोर्शे आज आहे, पण नावडतीचं मीठ अळणी ते अळणीच.

त्याचा परिणाम बघा. हिच्या आधीची ९९३, शेवटची हवेवाली, तिच्या किमती अशा चढल्या की ज्यांच्याकडे आहे ते तिला पांघरूण घालून ठेवतात, रविवारी ऊन असेल तर काढतात, आणि ढग आला की परत. पावसात भिजलेली ९९३ मी इथे, तिच्या जन्मगावात, फार कमी पाहिलीय. नावडतीला मात्र कुणी काही म्हणत नाही. ती पावसात उभी राहते, सुपरमार्केटच्या ट्रॉल्यांमधे उभी राहते.

वापरायला ती चांगली आहे हे मी गाडीप्रेमाने नाही, घर चालवणारा माणूस म्हणून सांगतोय. काचा उभ्या, खांब बारीक, चारही बाजूंचं दिसतं, जे आजच्या बऱ्याच गाड्यांत कॅमेऱ्याशिवाय दिसत नाही. इंजिन मागे, म्हणून डिकी पुढे, १३० लिटरची, चांगली खोल. इंडियन दुकानातली दहा किलो तांदळाची पिशवी, तेवढीच कणकेची, वर कढीपत्ता असं सगळं नीट बसतं. मागच्या दोन सीटवर मोठं माणूस बसूच शकत नाही पण मुलगी बसते, आणि ती नसेल तेव्हा पाठ खाली पाडली की चांगली फळी तयार होते. आता उणं सांगायचं तर २००२ च्या सुधारणेआधीच्या या गाड्यांना ग्लोव्ह बॉक्सच नाही. म्हणजे दोनशे ऐंशीच्या वेगाने जायची सोय केली पण गॉगल आणि टायरप्रेशरचा कागद कुठे ठेवायचा हे कुणाच्या लक्षात आलं नाही, का खर्च वाचवला, ते त्यांचं त्यांना माहीत. कप होल्डर तर सोडाच.

आई आली होती तेव्हा तिला विमानतळावरून घरी याच गाडीतून आणलं, बॅगा बायकोच्या गाडीत. बसताना ती बसली, एकदम खाली गेली आणि म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की पाट?" उतरताना गुडघ्यांचा प्रश्न आला. आधी पाय बाहेर, मग दार धरून, मग माझा हात, मग "थांब थांब, ओढू नकोस". नंतरचा मुक्काम ती ट्रामने फिरली, आणि फोनवर मावशीला मात्र सांगत होती की लेकाने पोर्शेतून आणलं.

वेगाचं म्हणाल तर ऑटोबानवर मर्यादा नसलेले तुकडे आहेत, पण माझ्या रोजच्या वाटेवर एकतर रस्त्याचं काम चालू असतं नाहीतर १२० ची पाटी असते. श्टुटगार्ट वाडग्यासारखं दरीत बसलंय, त्यामुळे कुठेही जायचं तर आधी चढ. नॉय वाइनश्टाइगे या चढाच्या रस्त्यावरून डेगेरलोख या वरच्या भागात जाताना उजवीकडे खाली अख्खं शहर, मधे ट्राम, पुढे लाल दिव्यांची रांग, आणि आपण दुसऱ्या गिअरमधे. तिथे कळतं की या गाडीत मजा कुठे आहे. हायड्रॉलिक स्टीअरिंग आहे, २०११ नंतरच्या ९११ मधे ते इलेक्ट्रिक झालं, तर हिच्यात रस्त्याचा ओलेपणा, डांबराचा जोड, गटाराचं झाकण, सगळं तळहातांना कळतं. क्लच जरा जड, ट्रॅफिकमधे डावा पाय बोलायला लागतो, खोटं कशाला सांगू. पण दिवा हिरवा झाला आणि पुढचा चढ मोकळा मिळाला की पाठीमागे ते सहा सिलिंडर ज्या सुरात वर जातात तेवढ्यासाठी, म्हणजे चार-पाच सेकंदांसाठी, आणि तेही पन्नासच्या आत राहून, ऑफिसला जावंसं वाटतं. नव्या पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्यांत पन्नासला काहीच होत नाही, इंजिन झोपलेलं असतं.

रोज वापरायचं तर काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. पाण्याचा काटा पटकन ऐंशीवर येतो आणि वाटतं झाली गरम, पण ऑइल अजून थंड असतं, आणि ऑइलचं तापमान सांगणारा काटा हिच्यात नाही. आठ लिटरच्या वर ऑइल आहे, ते तापायला वेळ घेणारच. तोवर इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीत ब्रेड आणायला मी चालत जातो. दुसरं, इंजिनच्या आत एका आडव्या शाफ्टचं बेअरिंग आहे ज्याने या गाड्यांचं नाव सगळ्यात जास्त खराब केलं, सीलबंद बेअरिंग, आत ऑइल शिरलं की त्यातलं ग्रीस धुऊन जातं, आणि ते मोडलं तर इंजिनच गेलं. सगळ्यांचं मोडतं असं अजिबात नाही, पण खरेदी करताना भीती तीच असते, आणि किमती खाली ठेवण्यात हिच्या डोळ्यांइतकाच त्याचाही हात आहे. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरलेलाच असतो तेव्हा ते बदलून घ्यायचं, माझं झालंय. मेकॅनिक मंडळी म्हणतात की उभ्या गाड्यांपेक्षा चालत्या गाड्या कमी त्रास देतात. त्याचा माझ्या सोयीचा अर्थ मी बायकोला सांगितला.

ऑक्टोबर आला की पानं. रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन भोकांमागे बसवलेत, गाडी जाता-जाता रस्त्यावरची पानं आत ओढते, ती ओली होऊन तिथेच कुजतात, वर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, आणि मग एसीचा कंडेन्सर सडतो. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप घालून ती काढायची. बॉडीला जस्ताचा थर आहे त्यामुळे बाकी गंजाची तेवढी काळजी नाही. आणि बर्फ, ज्याची सगळ्यांना भीती वाटते, त्यात ही हिवाळी टायरवर छान चालते, कारण वजनाचा साठ टक्क्यांवर भाग मागच्या चाकांवर, आणि ओढायचंही त्यांनीच. चढाला पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या जागेवर फिरत असतात तेव्हा ही निघून जाते. वळणात पाय अचानक उचलायचा नाही, एवढंच, नाहीतर मागचं इंजिन पुढे यायला बघतं.

आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा पक्के श्वाबियन, म्हणजे इथले मूळचे, काटकसरीसाठी प्रसिद्ध लोक. जिना झाडायची पाळी कुणाची यावर त्यांची बारीक नजर असते, आणि खर्चिक माणूस त्यांना खपत नाही. मी पोर्शे आणली तेव्हा त्यांनी नमस्कार घेणं जरा आखडतं केलं. पण मी तिच्यातून जुन्या कपाटाच्या फळ्या भंगारात न्यायला लागलो, हिवाळी टायर भरून आणायला लागलो, तसे ते विरघळले. हल्ली तेच गोल्फवाल्याला ऐकवतात की वस्तू वापरावी तर अशी. गोल्फवाल्याची तीन वर्षांच्या लीजवर आहे, त्याला काय फरक पडतो.

खरी काळजी वेगळीच आहे. जर्मनीत तीस वर्षं झाली आणि गाडी मुळातल्यासारखी असली की तिला ऐतिहासिक गाडीची एच पाटी मिळू शकते, सगळ्यात पहिल्या ९९६ त्या वयाला आता येतायत. म्हणजे लोकांना हिच्याबद्दल अचानक जिव्हाळा वाटणार, अंडी सुंदर दिसायला लागणार, आणि मग पांघरुणं निघणार. लक्षणं सुरू झालीच आहेत. इथे जुन्या गाड्या विकत घेणारे लोक काचेच्या फटीत व्हिजिटिंग कार्डं खोचून जातात, आधी बायकोच्या गाडीला यायची, आता माझ्या गाडीलाही येतात. मधे त्यातल्या एकाने मला गाडीजवळच गाठलं, भोवती फिरला, हेडलाइटचं कौतुक केलं, आणि मग विचारलं किती चालली आहे. दोन लाख चाळीस हजार, म्हटलं, आणि उद्या सकाळी अजून पंचवीस. त्याने मग कार्ड काही दिलं नाही.