बंदरावरच्या दगडावर कोणाची नावं?

आमच्या गावच्या बंदरावर जांभ्याचा चौथरा बांधून झालाय, वर काळा दगड बसायचा राहिलाय. दुसऱ्या महायुद्धात बोटीवर गेले आणि परतलेच नाहीत, त्या गावच्या खलाशांची नावं त्यावर कोरायची. ग्रामसभेत ठराव चहा यायच्या आत मंजूर झाला. भांडण आहे ते नावांचं.

पलटणीत गेलेल्याचा पेन्शनचा एखादा कागद तरी घरात निघतो. खलाशाचं तसं नाही. मुंबई गाठायची, गाववाल्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, ओळखीने बोटीवर लागायचं, ही इकडची रीत. वर सारंग, मग टंडेल, सुकाणी, खलाशी. कागद असला तर तो माणसाबरोबरच बुडाला.

मोहल्ल्यातल्या एका खालांचे (मावशींचे) वडील ‘तिलावा’ बोटीवर होते. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची ही बोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासा-डर्बनकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसं, त्यांत २२२ कर्मचारी. २३ तारखेची पहाट व्हायच्या आधी जपानी पाणबुडी ‘आय-२९’ने टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडेना, तेव्हा काही जण पुन्हा वर चढले, आणि दुसरा टॉर्पेडो बसला. २८० माणसं गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना घेऊन ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका २७ तारखेला मुंबईला लागली. खालांची आई तेव्हा पोटुशी होती. उतरलेल्यांत आपलं माणूस नाही, हे तिला कळलं ते दुसऱ्या गावच्या एका टंडेलाकडून.

त्याच बोटीत चांदीच्या २,३६४ विटा होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीने जवळपास अडीच किलोमीटर खोलीवरून त्या उचलल्या. चांदी कोणाची, हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. मोबाइलवरची ती बातमी मी खालांना वाचून दाखवली. त्यांनी मासे साफ करता करता विचारलं, “चांदी वर काढलानी, नि मानसां?”

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे, हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक. तिथे पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांची स्मृती जपली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नामावली आहे. तीत व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार आणि नौदलाचे चारशे. समितीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं, त्या नामावलीत सापडेल तेवढंच नाव कोरू. मला हे साफ नामंजूर. आपल्या माणसांची नावं गोऱ्या कारकुनाने कानावर पडतील तशी लिहिली. आडनाव गायब, गावाचं स्पेलिंग भलतंच, बापाचं नाव कुठे आहे, कुठे नाही. त्यात आमचा कोण आणि पलीकडच्या खाडीतला कोण, हे कसं ठरवणार? घरात ज्याच्या नावाने अजून फातिहा दिली जाते किंवा पितृपक्षात पान वाढलं जातं, तो मुलगा गावचाच. मला एवढा पुरावा पुरतो.

यादी अजून उघडी आहे. राजापूर-जैतापूरकडच्या कोणाच्या माळ्यावर जुनं जहाजाचं बुक, मनीऑर्डरची पावती, कंपनीचं पत्र असेल तर फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. वाळवीची वाट बघू नका. दगडवाल्याला पावसाच्या आधी काम संपवायचंय, आणि नंतर नावं घालायला जागा सोडायची तर तो आगाऊ पैसे मागतोय.