दशावताराच्या डीव्हीड्या आणि हँडब्रेक

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पार्ट वाटले जातात आणि संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे बोलले जातात. नवा नट शिकतो तो जुन्याला बघून, ऐकून. जुना नट हयात नसेल, तर जे काही चित्रीकरण उरलंय त्यावरून.

कुडाळात माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. ऐन जत्रांच्या दिवसांत एका मंडळीतला तरुण स्त्रीपार्टी चार डीव्हीड्या घेऊन सकाळीच आला. त्याला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती, आणि ती गाजवणारे नट वारले होते. संध्याकाळी मंडळीची गाडी सुटायच्या आत सगळं मोबाईलवर हवं होतं. कोणीतरी डीव्हीडीतल्या फाइल्स तशाच कार्डावर टाकून दिल्या होत्या.

"चित्र दिसता काकानू, पण आवाजच येत नाय."

येणार कसा? डीव्हीडीवरचा आवाज एसी-३ प्रकारचा होता, आणि बऱ्याच मोबाईलमधला मूळ प्लेअर तो वाजवत नाही. व्हीएलसी हा दुसरा प्लेअर टाकला असता तर आवाज आला असता. पण एकेक डीव्हीडी चार जीबीच्या घरात आणि कार्डावर जागा जेमतेम आठ जीबी. त्याने स्वतः नेटवरून एक कन्व्हर्टर उतरवून पाहिला होता. त्या कन्व्हर्टरने चित्राच्या मधोमध कंपनीचं नाव छापलं, अगदी नटाच्या चेहऱ्यावर.

चित्रीकरण मंडळीचंच होतं. मालकांना फोन करून परवानगी घेतली आणि हँडब्रेक उघडलं. व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारं, एरिक पेटी यांनी २००३ साली सुरू केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर. १.० ही आवृत्ती यायला २०१६चा डिसेंबर उजाडला, एवढी वर्षं माणसं त्यावर विनामोबदला राबत होती. आत फाइल वाचायला एफएफएमपेग, चित्र आवळायला एक्स२६४. दोन्ही तशाच मोकळ्या मनाने दिलेली. यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आधी फक्त दोन मिनिटांचा तुकडा काढला आणि त्याच्याच फोनवर लावला. हे मी कधीच टाळत नाही. आवाज आला, पण हात हलला की कडांना कंगव्यासारखे दाते दिसत होते. जुना कॅमेरा सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं टिपायचा, एकाआड एक ओळींची. ती जोडताना हालचाल अशी फाटते. स्त्रीपार्टाचं अर्धं काम तर बोटांत आणि मनगटात असतं! हँडब्रेकमधली डीकोंब ही दाते काढायची सोय चालू केली, दाते गेले. चित्र ५७६ ओळींचंच ठेवलं, उगाच मोठं केलं नाही. आवाज मोबाईलवर वाजणाऱ्या एएसी प्रकारात घेतला, आणि तिथे मात्र कंजुषी केली नाही. हार्मोनियम आणि पखवाजाखाली संवाद दबला तर तो शिकणार काय?

तीन डीव्हीड्या रांगेला लावल्या. दोन तासांचं नाटक साधारण अर्ध्या तासात होत होतं.

चौथीवर ओरखडे होते आणि नेमकं त्याचं आख्यान तिच्यावरच. ड्राइव्ह घरघरायचा आणि थांबायचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो आणि काय राहिलं त्याची नोंद ठेवतो. पोरगा जेवायलाही उठला नाही, आकड्यांकडे बघत बसला. उन्हं उतरेपर्यंत प्रत तयार झाली. पूर्वरंगातला एक तुकडा गेला तो गेलाच, पण आख्यान सलग मिळालं.

गाडीवाल्याचे फोन सुरू असतानाच कार्ड त्याच्या हातात दिलं. सोबत पेनड्राइव्हवर हँडब्रेकही. परवाना तशी मुभा देतो, मंडळीतल्या इतरांनाही ते वापरता येईल.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. त्यांच्या घरी मिनी डीव्हीच्या जुन्या कॅसेटी पडून आहेत आणि त्यांना बुरशी लागायला लागली आहे. त्या वाजवायला तसाच कॅमेरा लागतो, आणि माझा कधीच बंद पडलाय. जिल्ह्यात कोणाकडे फायरवायर केबलसकट (कॅमेऱ्यातलं चित्र कॉम्प्युटरवर घ्यायची केबल) चालू कॅमेरा असेल, तर तो मला काही दिवसांसाठी हवा आहे.