लातूरच्या विहिरीत मिस्ट्राल

आमच्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच गावात बसून मी पाण्याखाली श्वास घ्यायची जुनी यंत्रं दुरुस्त करतो, हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "पण बुडायला पाणी कुठाय?"

धंदा माझा मोटार रिवाइंडिंगचा. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, जळालेली कॉइल, झिजलेले बुश, फाटलेले सील यातच दिवस जातो. तारकर्लीला एकदा सहल गेली, तिथे पाण्यात उतरलो आणि पुढच्या वर्षी रीतसर कोर्स करून आलो. पण मासे-प्रवाळापेक्षा माझं लक्ष पाठीवरच्या यंत्रात जास्त. श्वास ओढला की हवा येते, थांबलं की बंद होते. हे चालतं कसं, ते उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

सुरुवात मात्र फसवणुकीने झाली. मुंबईत चोर बाजारात पितळ-तांब्याचं मोठं डायव्हिंग हेल्मेट दिसलं. त्यावर अमेरिकी नौदलाची पाटी, 'मार्क व्ही' वगैरे. 14,000 मोजले. घरी आणून आतून बघतो तर हवेची नळी जोडायची जागा नुसती शोभेची, आत भोकच नाही. अशी हेल्मेटं मुरादाबाद, रुडकीकडे दिवाणखान्यासाठी बनतात, हे नंतर कळलं. दुकानदाराला दोष काय देणार, पाटी वाचली मीच आणि भाळलोही मीच. पुढे हायवेवरच्या एका ढाब्याला ते 9,000 ला दिलं. नकली आहे हे सांगून दिलं. मालक म्हणाला, "गिऱ्हाइकाला काय कळायलंय!"

खरा माल मिळाला तो त्याच बाजारातल्या भंगाराच्या पोत्यात. दोन जुने रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासापुरती सोडणारे मोठ्या बशीएवढे गोल डबे, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना घडीच्या रबरी नळ्या, मध्ये तोंडात धरायचा तुकडा. दोन्हींवर पुसट अक्षरं: मिस्ट्राल. दोन्ही मिळून 5,500.

नौदल अधिकारी झाक कूस्तो आणि गान्यां यांनी 1943 साली फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा देणारं यंत्र केलं, हे पुष्कळांना माहीत असतं. मला आवडतो तो त्याच्या आधीचा भाग. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारगाड्या गॅसवर चालवायच्या होत्या आणि इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारा व्हॉल्व्ह एमिल गान्यां या इंजिनिअरकडे होता. तोच पुढे माणसाच्या फुप्फुसाला जोडला. म्हणजे आपल्याच बिरादरीचा माणूस! मिस्ट्राल त्यानंतरची, 1955 ची. सिलिंडरचा दाब दोनऐवजी एकाच टप्प्यात उतरवणारी. आत सुटे भाग कमी, म्हणून मला वाटलं, चार दिवसांचं काम. लागले अकरा महिने.

पहिला डबा मी स्वतःच्या हाताने घालवला. आई पितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासते, तर मी सगळे भाग चिंचेच्या कोळात मीठ टाकून रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी पितळ गुलाबी! हिरवट गंज गेला होता, पण त्याबरोबर वरच्या थरातलं जस्तही निघून गेलं होतं आणि क्रोमच्या कडा पापुद्र्यासारख्या उचलल्या होत्या. एवढ्यावर थांबायचं, तर मी तो डबा बफ मशीनवर धरला. पाटीवरची अक्षरं गेली. मोटार दुरुस्त झाली की बॉडी रंगवून चकाचक करून द्यायची, ही धंद्याची सवय. या व्यवहारात नेमकं उलटं आहे. जुनं क्रोम, मूळ पाटी, न चेपलेले स्क्रूचे खाचे यालाच किंमत. पुण्याच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले, तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "हे तुम्ही का केलंत?"

दुसऱ्या डब्याला मग व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं. दहा मिनिटं ठेवायचं, काढायचं, मऊ ब्रशने घासायचं, धुवायचं, गरज असेल तरच पुन्हा. हवा आत शिरते तिथे दाबून घट्ट केलेल्या धातूच्या कणांची एक छोटी गाळणी असते. तिचा रंग बघून आधीचा इतिहास कळतो. हिरवट असेल तर पाणी आत गेलेलं, तांबूस असेल तर लोखंडी सिलिंडर आतून गंजलेला. माझी तांबूस होती. ती बदलली.

धातू थांबतो, रबर थांबत नाही. त्यात आपल्याकडचा 42 अंशांचा मे महिना आणि दुकानावर पत्रे. नळ्या वाकवल्या की घडीघडीत भेगा दिसायच्या. श्वास ओढला की आत ओढला जाऊन लिव्हर दाबणारा मधला पडदा बोटाला चिकटत होता. उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बदकाच्या चोचीसारखा एक चपटा रबरी व्हॉल्व्ह असतो, त्याची चोच कायमची उघडी राहिली होती. पडदा सायकलच्या ट्यूबमधून कापून बघितला, नाही जमलं. सायकलच्या रबराला तो अलगदपणा नाही. शेवटी अमेरिकेतून सिलिकॉनचा पडदा, चोच, नळ्या मागवल्या. कुरिअरवाल्यांनी आधी केवायसी मागितली, मग 'डायफ्रॅम' शब्द वाचून ही वैद्यकीय वस्तू आहे का, असं पत्र पाठवलं. मी गोल डब्याचा फोटो काढून, पडद्यावर बाण दाखवून खुलासा लिहिला. सामानाइतकाच खर्च कुरिअर आणि ड्युटीचा झाला.

जोडणी करताना सवयीने बेअरिंगच्या डब्यातलं ग्रीस बोटावर घेतलं आणि मालवणच्या मित्राला फोनवर सहज सांगितलं. तो ओरडलाच, "मराचा आसा काय तुका?" 200 बार, म्हणजे साध्या हवेच्या साधारण 200 पट दाबाच्या हवेत ऑक्सिजनचा स्वतःचा दाब 42 बार होतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की हवा आत दाबली जाऊन तापते, आणि तिथे पेट्रोलियमचं ग्रीस असेल तर ते पेटू शकतं. शिवाय त्याची वाफ थेट फुप्फुसात. सगळं पुन्हा खोललं, धुतलं आणि या कामासाठीचं सिलिकॉन ग्रीस तेवढं रबरी ओ-रिंगांना लावलं, तेही पुसट.

आता तपासणी. पहिली फुकटची आहे आणि बाजारात उभ्या उभ्याही करता येते. हवा येण्याचं तोंड अंगठ्याने बंद करायचं आणि माउथपीसमधून ओढायचं. काहीच आलं नाही पाहिजे. आलं तर पडदा, नळी किंवा चोच कुठेतरी फुटकी आहे. दुसरी म्हणजे किती ओढल्यावर हवा सुटते ते मोजायचं. त्याला लागणारं उपकरण विकत घ्यायची गरज पडली नाही. शेजारच्या गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप मागून आणली, यू आकारात फळीवर ठोकली, निम्मी पाण्याने भरली, एक टोक माउथपीसला जोडलं. हळूहळू ओढत गेलं की दोन बाजूंच्या पाण्यात फरक पडत जातो. हवा फुस्स झाली त्या क्षणी फरक बघायचा. पहिल्यांदा 9 सेंटिमीटर आला. म्हणजे पाण्याखाली दमछाक. पडद्याखालच्या लिव्हरची उंची केसाएवढी बदलत, पुन्हा झाकण लावत, पुन्हा ओढत तीन रात्री गेल्या. 3 सेंटिमीटरवर आला तेव्हा बायको म्हणाली, "झालं का फुंकून?" फुंकून नाही गं, ओढून.

सोबत एक जुना ॲल्युमिनियमचा सिलिंडरही आला होता. तो घंटेसारखा टांगून ठेवलाय. त्या काळातल्या 6351 मिश्रधातूच्या सिलिंडरांना मानेपाशी भेगा पडू शकतात, आणि आपल्याकडे पेसो या गॅस सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या मान्यतेशिवाय सिलिंडर भरताच येत नाही. त्या पेसोचं मुख्यालय नागपूरला, पण माझ्या सिलिंडरावर त्यांचा कुठलाच नंबर नाही. मी मालवणहून मित्राचा चालू सिलिंडर गाडीत घालून आणला, 150 बारपर्यंतच भरलेला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं नाव अनेकांनी सुचवलं. त्या हवेत तेल असतं, म्हणून नको.

मामाची विहीर औसा तालुक्यात. सात परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल, पाणी तेव्हा चार परस. पायऱ्या खालपर्यंत. मी 6 मीटरच्या खाली जाणार नव्हतो. मिस्ट्रालला प्रेशर गेज लावायला जागाच नाही, म्हणून हिशेब आधी कागदावर केला. 10 लिटरचा सिलिंडर, 150 बार, म्हणजे 1500 लिटर हवा. त्या खोलीवर मिनिटाला साधारण 32 लिटर लागते. 46 मिनिटं मिळतात, आणि मी दहाच मिनिटं राहणार. कमरेला दोर, वर दोन पट्टीचे पोहणारे. मामेभावाचा पोरगा "मला बी बघू द्या" म्हणून हट्टाला पेटला, त्याला मामीच्या हवाली केलं. कॉम्प्रेस्ड हवा घेऊन श्वास कोंडत वर आलं तर फुप्फुस फाटतं, हे त्याला विहिरीच्या काठावर समजावणं शक्य नव्हतं.

पाण्यात उतरून माउथपीस हातात वर धरला आणि हवा धो-धो सुटली. मामा दचकून मागे सरले. पण दोन नळ्यांच्या रेग्युलेटरचं हे असंच असतं. माउथपीस डब्याच्या वर गेला की हवा वाहते, खाली घेतला की थांबते. तोंडात धरून खाली गेलो. पोटावर असताना श्वास थोडा जड वाटला, कारण डबा पाठीवर, फुप्फुसापेक्षा वर. उताणा झालो तर हवा आपणहून तोंडात ढकलली जायला लागली. नळ्यांत पाणी शिरलं तेव्हा डावीकडे कलून जोरात फुंकलं, डाव्या नळीतून निघून गेलं. आणि बुडबुडे! आजच्या रेग्युलेटरचे बुडबुडे गालांवरून डोळ्यांसमोर जातात. इथे ते मानेमागे फुटत होते, समोर सगळं स्वच्छ. शेवाळलेली दगडी बांधणी, आडव्या बोअरचं काळं तोंड, त्यातून येणारं गार पाणी, आणि तळाशी अंधुक काहीतरी लोखंडी.

नऊ मिनिटांनी वर आलो. तोंडातून काढून मी पहिलं काय बोललो ते आठवत नाही, पण चेहरा बघून मामी हसत होती. मामांनी डबा हातात घेऊन उलटा-सुलटा केला, पाणी झटकलं.

"चाललं म्हण की."

"चाललं, मामा."

"मंग हवा उरलीया का त्याच्यात?"

"उरलीय. का?"

"दोन वर्षांमागं दोर तुटून पाच एचपीची मोटार पडलीया तळाला. दिसली आसंल की."

दिसली होती. वाइंडिंग मीच केलं होतं तिचं.