कुंकवातली चांदणी

वस्तुसंग्रहालयात दान स्वीकारायचं माझं काम म्हणजे निम्मी मोजमापं आणि निम्मं ऐकून घेणं. त्या दिवशी सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त गुरुजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आजोबा ११४ मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’, म्हणजे इराकात, गेलेले.

“राजानं छातीवर लावलेला बिल्ला आहे, मॅडम. दर दसऱ्याला पूजेत असतो. आमच्यामागं कोण सांभाळणार?”

फडक्याची गाठ सुटली आणि मी गप्प झाले. लाल मिन्याची पाच टोकांची चांदणी, मधे चंद्रकोर आणि एक वळणदार अक्षरचिन्ह. घरात त्याला सगळे मोर म्हणायचे. तो तुर्कस्तानच्या सुलतान पाचव्या मेहमेदचा तुघ्रा, म्हणजे शाही सहीचं चिन्ह होतं. सोबत हिजरी साल १३३३, म्हणजे आपलं १९१५. तुर्की युद्धपदक. आजोबा ज्यांच्याशी लढले, त्यांचं.

सांगायचं कसं? वेळ काढायला डब्यातली दुसरी वस्तू उचलली. काळवंडलेली चांदी, रुपयासारखी गोल.

“ते राहू द्या, नातवंडं खेळतात त्याच्याशी.”

भिंगाखाली कड हळूहळू फिरवली. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ब्रिटिश वॉर मेडल! राजानं दिलेलं ते हे. गुरुजींनी भिंग मागून घेतलं, आजोबांचं नाव दोनदा वाचलं. मग चांदणीकडे बोट केलं. “मग हे कुणाचं?”

ऑक्टोबर १९१८ मध्ये ही पलटण इराकात तैग्रिस नदीकाठी शर्कातला लढली. ३० तारखेला तिथली तुर्की फौज शरण आली. हजारो कैदी. चांदणी त्यांच्यापैकी कुणाची असेल, मेलेल्याच्या अंगावरची असेल किंवा दोन सिगारेटींच्या बदल्यात घेतलेली. युद्धाविषयीच्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांत कैद्याची खासगी चीजवस्तू त्याचीच राहते. पण रणात नियम काढून कोण बसतंय! चांदणीच्या मागं नाव नव्हतं, नुसती टाचणी.

फॉर्मवर ‘मूळ मालक’ असा रकाना असतो. गुरुजी म्हणाले, “तिथं आजोबांचं नाव नको.” मी ‘अज्ञात तुर्की सैनिक’ लिहिलं. त्यांनी सही केली, गोल पदक त्याच फडक्यात बांधून खिशात घातलं आणि एसटी गाठायला निघाले.

चंद्रकोरीच्या खाचेत कुंकू साचलं होतं. सहकारी कापसाचा बोळा घेऊन आला, त्याला थांबवलं. नोंदवहीत लिहिलं: ‘खाचांत कुंकवाचे अंश. साफ करू नये.’